लादीतला पाव

मधल्या सुट्टीत घडलेला एक प्रसंग आमच्या शिक्षक-गटाच्या बैठकीत एका बाईंनी सांगितला. सातवीच्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांची गावात छोटीशी बेकरी आहे. त्या दिवशी त्याच्या डब्यात पाव आणि बटाट्याची भाजी होती. शेजारचा मुलगा म्हणाला, "आम्ही नाही खात तुमचा पाव. पायाने मळतात, म्हणून तर त्याला पाव म्हणतात." बेकरीवाल्याचा मुलगा काही बोलला नाही. त्याने डबा मिटला आणि दप्तरात ठेवला. बाईंनी चिडवणाऱ्याला रागावले. पण नंतर त्यांच्या लक्षात आले, की 'तसं काही नसतं' एवढेच आपण म्हणालो. मग कसे असते, हे आपल्यालाही सांगता आले नाही.

त्या दिवशीच्या बैठकीचा ठरलेला विषय बाजूला राहिला. पाव आपण सगळेच खातो. वडा, मिसळ, उसळ, भाजी, अंडे, खिमा, दाबेली या सगळ्यांना तो सामावून घेतो. पण तो फुगतो कसा, त्याला जाळी कशी पडते, लादीतले पाव एकमेकांना चिकटलेले का असतात, याची उत्तरे आमच्यापैकी कोणालाच नीट देता येईनात. मग आम्ही काही प्रयोग केले, थोडे वाचले आणि एक दिवस बेकरीत जाऊन उभे राहिलो. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडत आहोत.

शब्द कुठून आला?

पाव हा शब्द पायावरून आलेला नाही आणि पावशेरातल्या पाववरूनही नाही. पोर्तुगीज भाषेत अशा रोटीला 'पांव' म्हणतात. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतले. त्यांच्याबरोबर ही भट्टीत भाजलेली, फुगवलेली रोटी आली आणि तिचे नावही आले. बंगालीतला 'पाउरुटी' आणि जपानी भाषेतला 'पान' हे शब्दही याच पोर्तुगीज शब्दाची भावंडे आहेत. गोव्यात पाव करणाऱ्याला 'पोदेर' म्हणतात, तोही मूळचा पोर्तुगीज शब्द. सायकलला टोपली बांधून, भोंपू वाजवत दारोदार जाणारा पोदेर गोव्यात आजही दिसतो.

मग पायाची गोष्ट कुठून निघाली? एक तर शब्दसाम्य. दुसरे म्हणजे त्यात थोडे तथ्यही आहे, पण ते आपल्या पावापुरते नाही. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने इजिप्तच्या लोकांबद्दल लिहून ठेवले आहे, की ते कणीक पायांनी मळतात आणि चिखल हातांनी. शंभर माणसांची कणीक मळायची तर हातांचा जोर अपुरा पडतो, म्हणून यंत्रे येण्यापूर्वी काही ठिकाणी पायांचा उपयोग होत असे. आम्ही पाहिलेल्या बेकरीत पीठ मळायला विजेवर फिरणारे यंत्र होते.

या समजुतीला आणखी एक जुना पदर आहे. वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात १५३४ पासून १७३९ पर्यंत होती. त्या काळाच्या ज्या कथा सांगितल्या जातात त्यांत विहिरीत पाव टाकला, नकळत लोक ते पाणी प्यायले आणि सगळा गाव बाटला, अशी कथा हटकून असते. त्यातले किती खरे, हा प्रश्न इतिहासाचा. पण पावाच्या तुकड्याने धर्म जातो असे मानणारा समाज आपलाच होता, हे त्या कथेतून कळते. डब्यातल्या पावाला नाक मुरडणाऱ्या मुलाला ही कथा कदाचित ठाऊकही नसेल. तिचा उरलेला वास मात्र त्याच्यापर्यंत पोचला आहे.

ज्वारीचा पाव का होत नाही?

आता पिठाकडे वळू. हा प्रयोग कोणत्याही वर्गात विनाखर्च करता येतो.

एका थाळीत दोन मुठी मैदा किंवा गव्हाचे पीठ, दुसऱ्या थाळीत तेवढेच ज्वारीचे पीठ घ्या. पाणी घालून दोन्ही पिठे पाच-सात मिनिटे चांगली मळा. गोळे वीस मिनिटे झाकून ठेवा. मग प्रत्येक गोळा पाण्याने भरलेल्या पातेल्यात धरून बोटांनी हलके हलके दाबत धुवा. पाणी दुधासारखे होईल. ते बदलून पुन्हा धुवा.

ज्वारीचा गोळा विरघळल्यासारखा होऊन हातातून निघून जातो. गव्हाचा गोळा मात्र लहान होत जातो आणि शेवटी करड्या रंगाचा, रबरासारखा, ताणला तर ताणणारा आणि सोडला तर आखडणारा लगदा हातात उरतो. मुलांना हा लगदा हातात घेऊन ताणून पाहू द्या. पांढऱ्या पाण्यात आयोडिनचे दोन थेंब टाकले तर ते निळे-काळे होते, म्हणजे धुऊन गेला तो स्टार्च. उरले ते ग्लुटेन.

ग्लुटेन हे गव्हाच्या दाण्यात तयार स्वरूपात नसते. गव्हात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन असे दोन गटांतले प्रथिनांचे रेणू असतात. पाणी मिळाले आणि मळणे सुरू झाले, की हे रेणू एकमेकांत गुंततात. ग्लुटेनिनच्या लांब रेणूंमध्ये गंधकाच्या अणूंमार्फत बंध तयार होतात आणि सगळ्या कणकेभर एक लवचीक जाळे पसरते. ग्लुटेनिनमुळे ताण सहन करण्याची ताकद येते, ग्लायडिनमुळे पसरण्याचा गुण येतो. पाव करायला जोर का लागतो, हे येथे कळते. मळणे म्हणजे नुसते पीठ आणि पाणी एकत्र करणे नव्हे, ते जाळे विणणे आहे.

ज्वारी-बाजरीतली प्रथिने असे जाळे विणत नाहीत. म्हणूनच भाकरी थापताना आपल्या आया-आज्या कढत पाणी घालतात. कढत पाण्याने थोडा स्टार्च फुगून चिकट होतो आणि तेवढ्यावर भाकरी एकसंध राहते. ग्लुटेन नाही तेथे स्टार्चकडून काम करून घेण्याची ही युक्ती आहे. भाकरी थापावी लागते, लाटायला जावे तर ती फाटते, याचेही कारण हेच.

फुगवणारे कोण?

चपाती किंवा फुलका फुगतो तो वाफेने. एक ग्रॅम पाण्याची शंभर अंश सेल्सिअसला सुमारे १.७ लिटर वाफ होते. ती दोन पापुद्र्यांमध्ये कोंडली, की फुलका टम्म होतो. पण वाफ गेली की तो बसतो. पावाला भट्टीत जाण्यापूर्वीच फुगावे लागते आणि ते काम यीस्ट करते.

यीस्ट हा एकपेशीय बुरशीचा प्रकार आहे. बेकरीत वापरतात त्या यीस्टचे शास्त्रीय नाव सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. दाबून वड्या केलेल्या ताज्या यीस्टच्या एका ग्रॅममध्ये साधारण हजार कोटी पेशी असतात. या पेशी साखर खातात आणि हवा अपुरी असेल तेव्हा तिचे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतात. हे काम जिवंत पेशी करतात, हे लुई पाश्चर यांनी १८५७ पासून पुढच्या काही वर्षांत दाखवून दिले.

दहावीच्या मुलांना येथे एक गणित घालता येईल. ग्लुकोजच्या एका रेणूपासून कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू मिळतात. म्हणजे १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ८८ ग्रॅम वायू. नेहमीच्या तापमानाला त्याचे आकारमान सुमारे ४९ लिटर. तेव्हा एका ग्रॅम ग्लुकोजपासून २७० मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे पाव लिटरहून जास्त वायू! चमचाभर साखर लादीभर पाव का फुगवू शकते, हे यावरून लक्षात येईल.

प्रयोगासाठी तीन सारख्या बाटल्या घ्या. प्रत्येकीत एक चमचा यीस्ट आणि एक चमचा साखर टाका. पहिलीत बर्फाचे पाणी, दुसरीत अंगाला कोमट लागेल असे पाणी, तिसरीत उकळते पाणी घाला (हे शिक्षकांनी स्वतः करावे आणि बाटली काचेची असल्यास आधी गरम पाण्याने शेकून घ्यावी). तिन्हींच्या तोंडावर फुगे बसवा. तासाभराने मधल्या बाटलीचा फुगा उभा राहिलेला दिसेल. थंड पाण्यातले यीस्ट सुस्त असते आणि उकळत्या पाण्यातले मेलेले. नंतर थंड पाण्याची बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवा. तो फुगाही हळूहळू उठू लागतो. उकळत्या पाण्यातला मात्र किती वेळ ठेवला तरी उठत नाही. फुग्यातला वायू चुन्याच्या निवळीत सोडला, तर निवळी दुधाळ होते.

पोर्तुगीज गोव्यात आले तेव्हा यीस्टच्या वड्या कुठून मिळणार? तेथे माड होते. माडाची नीरा पहाटे गोड असते आणि दुपारपर्यंत तिला फेस येतो, कारण हवेतले आणि मडक्यातले यीस्ट तिच्यातली साखर खाऊ लागते. ही सूर पिठात घालून गोव्यातला पाव फुगवला गेला. आता सूर काढणारे रेंदेर कमी झाले आणि बहुतेक पोदेर बाजारातले यीस्ट वापरतात. गोव्यातल्या कोंडा भुरभुरलेल्या पोईची चव बदलली असे जुनी माणसे म्हणतात. त्यात तथ्य असू शकते, कारण सुरेत यीस्टबरोबर आम्ल तयार करणारे जीवाणूही असतात आणि तेही चवीला हातभार लावतात.

सूर आली म्हणजे पावात दारू आली, अशी शंका कोणी काढील. अल्कोहोल प्रत्येकच पावात तयार होते. ते ७८ अंशांना उकळते आणि भट्टीत बहुतेक सगळे उडून जाते. आणि आंबवणे आपल्याला परके थोडेच आहे? इडलीचे पीठ जीवाणू आंबवतात आणि वायू सोडून फुगवतात. ग्लुटेन नसल्याने तेथे वायू धरून ठेवण्याचे काम उडदाचा चिकटपणा करतो. सूक्ष्मजीव बदलले, जाळे बदलले, पण तत्त्व तेच.

बुडबुड्यापासून जाळीपर्यंत

यीस्ट वायू देते, पण बुडबुडे ते निर्माण करीत नाही, ही गोष्ट आम्हाला नवी होती. बेकर आणि माइझ या संशोधकांनी १९४१ मध्ये हे दाखवले. हवा काढून टाकलेल्या पात्रात कणीक मळली, तर यीस्ट असूनही तिच्यात बुडबुडे जवळजवळ होत नाहीत. मळताना कणकेत हवेचे बारीक बारीक बुडबुडे अडकतात. यीस्टने सोडलेला वायू आधी कणकेतल्या पाण्यात विरघळतो आणि मग या आधीच असलेल्या बुडबुड्यांत शिरून त्यांना मोठे करतो. म्हणजे पावाला जाळी किती बारीक पडणार, हे बरेचसे मळतानाच ठरते.

फुगलेले गोळे भट्टीत गेले, की पहिल्या काही मिनिटांत ते आणखी वर येतात. वायू तापून प्रसरण पावतो हे एक कारण झाले. पण ते पुरेसे नाही. ३० अंशांवरून ९० अंशांपर्यंत तापवलेल्या वायूचे आकारमान चार्ल्सच्या नियमाने फक्त २० टक्क्यांनी वाढते. विरघळलेला कार्बन डायऑक्साइड तापल्यामुळे बाहेर पडतो, पाण्याची आणि अल्कोहोलची वाफ होते, आणि यीस्टही मरण्यापूर्वी शेवटचा जोर लावते. साधारण ५५ ते ६० अंशांच्या आसपास यीस्ट मरते. त्यानंतर स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात आणि ग्लुटेन शिजून घट्ट होते.

याच वेळी एक महत्त्वाची गोष्ट घडते. बुडबुड्यांच्या भिंती फुटतात आणि ते एकमेकांना जोडले जातात. कच्ची कणीक हा फेस असतो, त्यातला प्रत्येक बुडबुडा बंद. भाजलेला पाव हा स्पंज असतो, त्यातली सगळी भोके एकमेकांत उघडणारी. असे झाले नसते, तर पाव थंड होताना आतला वायू आकसून तो चेपला असता. पावाचा जाडसर तुकडा ओठांशी घट्ट धरून त्यातून फुंकर मारून पाहा. हवा पलीकडे जाते. मिसळीचा रस्सा पावात झरझर वर चढतो, तोही या जोडलेल्या वाटांतूनच. चपातीला हे जमत नाही. ओल्या आमटी-रश्श्याचे पदार्थ पावाबरोबर का जमून गेले, याचे एक कारण येथे आहे.

लादीचे गणित

पावाच्या आतल्या भागात पाणी असते, तोवर तेथले तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही. पृष्ठभाग मात्र सुकतो आणि मग त्याचे तापमान दीडशेच्या पुढे चढते. तेथे साखर आणि प्रथिने यांच्यात जी अभिक्रिया होते तिचे वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ माइयार यांनी १९१२ मध्ये केले. तपकिरी रंग आणि खमंग वास तिच्यातून येतात.

आता लादी पाहा. समजा पत्र्यावर चार रांगांत सहा-सहा असे २४ गोळे ठेवले. प्रत्येकाला चार बाजू धरल्या तर एकूण बाजू ९६. फुगल्यावर गोळे एकमेकांना भिडतात. मग भट्टीची आच थेट लागते ती फक्त कडेच्या बाजूंना. त्या किती? ४ + ६ + ४ + ६, म्हणजे २०. उरलेल्या ७६ बाजू एकमेकींच्या आडोशाला राहतात. त्या सुकत नाहीत, तांबूस होत नाहीत, कडक होत नाहीत. म्हणून लादीचा पाव वरून तपकिरी आणि बाजूंनी पांढरा, मऊ असतो, अलगद सुटतो आणि वडा घातला की दबून त्याला धरतो. तोच गोळा सुटा ठेवून चांगला भाजला, तर चहूबाजूंनी कडक कवच येते. इराण्याच्या हॉटेलात चहात बुडवून खातात तो ब्रून पाव असा असतो. वडापाव सुरू करण्याचे श्रेय दादरच्या अशोक वैद्य यांना दिले जाते. साल १९६६ सांगतात. ब्रूनमध्ये वडा घातला असता तर पहिल्याच घासाला कवच तडकून वडा खाली आला असता!

शिळा पाव आणि तवा

पाव शिळा होतो म्हणजे वाळतो, असे आपण समजतो. १८५२ मध्ये बूसँगो या फ्रेंच शास्त्रज्ञाने ब्रेड हवाबंद ठेवून पाहिला. पाणी उडाले नाही, तरी ब्रेड शिळा झालाच. भाजताना फुगून विस्कळीत झालेले स्टार्चचे रेणू थंड झाल्यावर हळूहळू पुन्हा रांगेत बसू लागतात आणि पाव घट्ट, भुसभुशीत लागतो. फ्रिजमधल्या तापमानाला हे अधिक वेगाने होते. म्हणून फ्रिजमध्ये ठेवलेला पाव बुरशीपासून वाचतो, पण शिळा लवकर होतो. पुन्हा तापवला, की रेणूंची ही रांग बरीचशी मोडते आणि पाव परत मऊ होतो. पावभाजीवाला पाव चिरून लोण्यावर तव्यात शेकतो, त्यात चव आहेच, पण सकाळचा पाव संध्याकाळी मऊ करण्याची हिकमतही आहे.

सगळेच गोड नाही

पावाचा अभिमान धरताना काही गोष्टी मुलांपासून लपवू नयेत. शंभर ग्रॅम गव्हाच्या कणकेत सुमारे ११ ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात, मैद्यात ३ ग्रॅमहूनही कमी. कोंड्याचे कण ग्लुटेनच्या पडद्यांना भोके पाडतात, म्हणून कोंड्यासह केलेला पाव कमी फुगतो आणि बेकरीवाला मैदा पसंत करतो. पाव वाईट असा याचा अर्थ नाही. रोजचे जेवण पावावर भागवू नये, एवढाच आहे. मटकीची उसळ बरोबर असेल तर उत्तमच.

ग्लुटेनचे जाळे झटपट मजबूत व्हावे म्हणून काही ठिकाणी पिठात पोटॅशियम ब्रोमेट घालत. त्याने कर्करोगाचा संभव असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९९ मध्ये नोंदवले होते. २०१६ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने ब्रेड, बन, पाव यांसारख्या ३८ नमुन्यांची तपासणी केली. ८४ टक्के नमुन्यांत ब्रोमेट किंवा आयोडेट आढळले. त्याच वर्षी भारतात ब्रोमेटच्या वापरावर बंदी आली. हेच काम क जीवनसत्त्वाने, किंवा नुसता जास्त वेळ देऊन पीठ मुरू दिल्यानेही होते.

तिसरी गोष्ट धुराची. विटांची भट्टी लाकडे जाळून तापवतात. विटा उष्णता साठवतात आणि तासन्‌तास परत देत राहतात. पण लाकडाचा धूर भट्टीपुढे उभ्या कामगाराच्या आणि शेजाऱ्यांच्या फुप्फुसांत जातो. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅससारख्या स्वच्छ इंधनावर जाण्यास सांगितले. हवा स्वच्छ हवी, याबद्दल दुमत नाही. पण भट्टी बदलण्याचा खर्च लहान बेकरीवाल्याला झेपणारा नसतो आणि तो वाढला तर पावाचा भावही वाढतो. ज्याचे दुपारचे जेवण एका वडापावावर भागते, त्याला हा प्रश्न दूरचा नाही. मोठ्या मुलांनी यावर जरूर चर्चा करावी.

पुन्हा वर्गात

आमच्या बैठकीतल्या बाईंनी पुढच्या आठवड्यात वर्गात ग्लुटेन धुण्याचा प्रयोग केला आणि मग मुलांना त्या बेकरीत नेले. पीठ कधी 'आले' हे बोटाने दाबून कसे ओळखायचे, हे त्या मुलाच्या वडिलांनी दाखवले. बोटाचा खळगा लगेच भरून आला तर पीठ अजून मुरायचे आहे, हळूहळू भरला तर भट्टीला तयार. हे का होते, याचे उत्तर मात्र त्यांच्या मुलाने दिले. जाळे ताणलेले असते आणि आतला वायू त्याला ढकलत असतो, असे तो म्हणाला. चिडवणाऱ्या मुलाने विचारले, "मग लादीतला मधला पाव जास्त मऊ का?" लादी समोरच होती. दोघांनी मिळून बाजू मोजायला सुरुवात केली.

आपल्या वर्गासाठी तीन प्रश्न ठेवतो. २४ पावांच्या त्या लादीत एकही बाजू आचेला न लागलेले पाव किती? तेच २४ पाव तीन रांगांत आठ-आठ ठेवले, तर आचेला लागणाऱ्या बाजू वाढतील की कमी होतील? आणि नाचणीचा पाव करायचा झाला, तर ग्लुटेनच्या जागी स्वयंपाकघरातले काय वापरून पाहाल?